परवाना गेला, रविवार राहिला : फिलिपिन्सच्या 'एसॅप'चं प्रकरण

२८ जानेवारी १९९५, शनिवार. फिलिपिन्समध्ये दुपारच्या जेवणाच्या वेळी घराघरांत लागणारा 'ईट बुलागा!' हा कार्यक्रम त्या दिवशी भलत्याच वाहिनीवर दिसला. आदल्या आठवड्यापर्यंत तो एबीएस-सीबीएनवर होता, आता थेट प्रतिस्पर्धी जीएमएवर. सूत्रसंचालक तेच, दंगा तोच, फक्त रिमोटवरचा आकडा बदलला. हे शक्य झालं, कारण कार्यक्रम मुळात वाहिनीचा नव्हताच. तो होता 'टेप' नावाच्या स्वतंत्र निर्मिती संस्थेचा. तिथल्या टीव्हीत ही पद्धत जुनी आहे. निर्माता वाहिनीकडून वेळ विकत घेतो, कार्यक्रम स्वतःच्या पैशाने बनवतो आणि त्यातल्या जाहिरातीही स्वतःच विकतो. अशा निर्मात्याला तिकडे ब्लॉकटायमर म्हणतात. सोप्या मराठीत भाडेकरू. पटलं नाही तर तो सामान उचलून दुसरीकडे बिऱ्हाड थाटायला मोकळा.

एबीएस-सीबीएनची दुपार अशी रिकामी झाली. ती भरायला वाहिनीने हाताशी होता तो कार्यक्रम तिकडे सरकवला. रविवारी दुपारी 'सा लिंग्गो नापो सिला' लागायचा. अपो हायकिंग सोसायटी या लाडक्या गायक-त्रिकुटाचा तो कार्यक्रम १९८९पासून चालू होता. २९ जानेवारीला त्याचा रविवारचा शेवटचा भाग झाला आणि पुढच्याच शनिवारी, ४ फेब्रुवारीला, तेच त्रिकूट नाव जरासं बदलून रोजच्या दुपारच्या ड्युटीवर हजर झालं. आता रविवार रिकामा. तिथे ५ फेब्रुवारीला आला 'एसॅप' हा नाचगाण्याचा कार्यक्रम. लांबलचक नाव 'ऑल-स्टार संडे आफ्टरनून पार्टी'.

म्हणजे ज्या कार्यक्रमाने पुढे तीस वर्षं ओलांडली, तो जन्माला आला भोक बुजवण्यासाठी. एक भाडेकरू गेला, म्हणून घरातली माणसं या खोलीतून त्या खोलीत हलली आणि शेवटची उरलेली खोली 'एसॅप'च्या वाट्याला आली. हा तपशील मी मुद्दाम आधी सांगतोय. पंचवीस वर्षांनी २०२०मध्ये घरमालकालाच घराबाहेर काढण्यात आलं आणि हाच कार्यक्रम दुसऱ्यांच्या दारात भाड्याने राहायला गेला. या लेखात अभ्यासाला घेतलेलं प्रकरण तेच. ज्या वाहिनीसाठी कार्यक्रम बनवला ती वाहिनीच हवेतून गेली, तर कार्यक्रमाचं काय उरतं आणि का उरतं?

रविवार दुपारचं गणित

फिलिपिन्स बहुसंख्य कॅथलिकांचा देश. रविवारी सकाळी चर्च, मग सगळं घर एकत्र जेवायला. आजीपासून नातवंडांपर्यंत सगळे एका टीव्हीसमोर असण्याची हमी देणारी आठवड्यातली ही एकच वेळ. त्यामुळे रविवारची दुपार तिथे नेहमीच प्रतिष्ठेची लढाई राहिली. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून ती जीएमएच्या ताब्यात होती, जर्मन मोरेनो या निवेदकाच्या 'सुपरशो'मुळे. सगळा देश त्यांना 'कुया जर्म्स' म्हणायचा. कुया म्हणजे दादा. नवीन पोरं हेरून त्यांना तारे बनवणं हा या दादाचा खरा धंदा.

'एसॅप'ने सुरुवातीला उभे केलेले चेहरे पाहिले की वाहिनीचा हिशोब कळतो. मार्टिन निएवेरा आणि पॉप्स फर्नांडेझ ही मैफलींची जोडी, तीही जीएमएवरच्या 'पेंटहाउस लाइव्ह!'मधून घडलेली. तिसरा गायक एरियल रिव्हेरा. आणि चौथी दायानारा टोरेस, पोर्टो रिकोची, १९९३ची मिस युनिव्हर्स. भारतीय वाचकाने ही दायानारा पाहिलेली असण्याची दाट शक्यता आहे. मे १९९४मध्ये मनिलात सुष्मिता सेनच्या डोक्यावर मुकुट चढवणारी तीच. त्या सोहळ्याला वर्ष व्हायच्या आत ती त्याच शहरात रविवारच्या नाचगाण्याच्या कार्यक्रमाची सूत्रं हलवत होती. सौंदर्यस्पर्धा आणि टीव्ही यांचं तिथलं नातं किती घट्ट आहे, हे यावरून कळावं.

पुढची पंचवीस वर्षं समोरच्या वाहिनीने पुनःपुन्हा नवी चाल खेळून पाहिली. १९९७मध्ये 'सुपरशो'च्या जागी 'एसओपी' आला आणि तेरा वर्षं टिकला. २०१०मध्ये तो बंद करून 'पार्टी पिलिपिनास' आणला, २०१३मध्ये 'संडे ऑल स्टार्स', २०१५मध्ये गाणं मागे सारून विनोदाला पुढे करणारा 'संडे पिनासाया', २०२०च्या जानेवारीत 'ऑल-आउट संडेज'. यातल्या 'पिनासाया'ने 'एसॅप'ला खरोखर घाम फोडला. बाकी कोण पुढे, हे नक्की सांगणं अवघड, कारण जीएमए एका संस्थेचं रेटिंग दाखवायची आणि एबीएस-सीबीएन दुसऱ्या संस्थेचं. सोमवारी सकाळी दोन्ही वाहिन्या पहिल्या क्रमांकावर!

'एसॅप'ने मात्र नाव सोडलं नाही. नावापुढे आकडा लावायचा आणि तो बदलत राहायचा, एवढंच. पुढे आकड्यांचा कंटाळा आला तेव्हा 'रॉक्स' वगैरे शेपट्या जोडल्या आणि २०१८च्या अखेरीस 'एसॅप नातिन तो' झालं. नाव तेच ठेवल्याचा एक फायदा उशिरा कळला. समोरच्या बंद पडलेल्या कार्यक्रमांतली माणसं शेवटी इकडेच आली. 'एसओपी'चा कणा असलेले ओगी अल्कासिद आणि जाया आले. त्याच 'एसओपी'ची राणी रेजिन वेलास्केझ २०१८मध्ये आली. सारा जेरोनिमो २००४मध्येच आली होती. शत्रुपक्षाचं अर्धं सैन्य एकाच रंगमंचावर.

पडद्यावर नेमकं काय चालतं

आपल्याकडे टीव्हीवर गाणं म्हटलं की स्पर्धा आली, परीक्षक आले, डोळ्यांतलं पाणी आलं, आजोबांची आठवण आली. 'एसॅप'मध्ये त्यातलं काही नाही. कोणी हरत नाही. इथे सगळे आधीच ठरलेले तारे आहेत आणि ते फक्त गातात, नाचतात, एकमेकांचे वाढदिवस साजरे करतात.

आरंभीचा समूह-आविष्कार पाहण्यासारखा असतो. एकाच मिश्रगीतात वीस-पंचवीस कलाकार, प्रत्येकाच्या वाट्याला दोन-चार ओळी. कोणाला पहिली ओळ, कोणाला शेवटची, कोण मधल्या गर्दीत, यावरून त्या आठवड्यात वाहिनीच्या लेखी कोणाचं काय वजन आहे ते जाणकार प्रेक्षक अचूक ओळखतात. नवा चित्रपट येणार असेल तर त्यातली जोडी मध्यभागी. मालिका सुरू होणार असेल तर तिचं शीर्षकगीत. नवा अल्बम असेल तर त्याचं पहिलं सादरीकरण इथेच.

आणि मग 'बिरित'. चार गायिका एक गाणं वाटून घेतात. पहिली खालच्या पट्टीत, सांभाळून. दुसरी तेच कडवं थोडं वर नेते. तिसरीच्या वेळी वाद्यवृंद पट्टी बदलतो. चौथी असा काही सूर लावते की बाकीच्या तिघी अवाक झाल्याचा अभिनय करतात आणि मग चौघी मिळून त्याच्याही वर जातात. अँजेलिन किंतो, जोना, क्लारिस दे गुझमन आणि मोरिसेट या चौघींचा तर 'बिरित क्वीन्स' नावाने २०१६पासून वेगळा गटच झाला. नाजूक कानाच्या माणसाला हा प्रकार अंगावर येतो. मलाही दोन गाण्यांनंतर पाणी प्यावंसं वाटतं. पण गळ्याची तयारी निर्विवाद. याच मंचावर गाणारी रॅशेल ॲन गो २०१४मध्ये लंडनच्या वेस्ट एंडवर 'मिस सायगॉन'मध्ये उभी राहिली आणि पुढे तिथेच 'हॅमिल्टन'मध्ये. त्याच्या अगदी उलट टोकाला 'सेशनिस्तास'. ज्युरिस, सिती, न्योय व्होलांते अशी मंडळी, हातात गिटार, बसून गाणं. तो विभाग कार्यक्रमाची सर्वांत चांगली मिनिटं देऊन गेला असं माझं मत आहे.

थोडक्यात, 'एसॅप' हा वरवर संगीताचा कार्यक्रम असला तरी आत ती वाहिनीची शोकेस आहे. वाहिनीच्या कलाकार-विभागाचं नाव स्टार मॅजिक, आणि तो वर्षानुवर्षं सांभाळणारे जॉनी मानाहान, म्हणजेच 'मिस्टर एम', हेच 'एसॅप'चे दिग्दर्शकही होते. तारे घडवणारा आणि ते मांडणारा माणूस एकच. हे ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं उलगडतं.

सात वाजून बावन्न मिनिटं

फिलिपिन्समध्ये प्रसारणासाठी नुसतं लायसन्स पुरत नाही. संसदेने त्या कंपनीसाठी स्वतंत्र कायदा करून मुभा द्यावी लागते. एबीएस-सीबीएनला ती देणाऱ्या कायद्यावर सही झाली ३० मार्च १९९५ रोजी, म्हणजे 'एसॅप' सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. मुदत पंचवीस वर्षं. ती संपणार होती ४ मे २०२०ला. कार्यक्रम आणि परवाना जवळपास जुळी भावंडं.

राष्ट्राध्यक्ष रॉद्रिगो दुतेर्ते यांचा या वाहिनीवर राग होता. २०१६च्या निवडणुकीतल्या आपल्या प्रचाराच्या जाहिराती तिने दाखवल्या नाहीत, असं ते जाहीरपणे सांगत आणि परवाना वाढवून मिळणार नाही असंही बजावत. फेब्रुवारी २०२०मध्ये 'एसॅप' पंचवीस वर्षांचा झाला, त्याच महिन्यात सरकारच्या महान्यायअभिकर्त्याने वाहिनीचा परवाना रद्द करावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. मार्चमध्ये करोनाची टाळेबंदी लागली. नूतनीकरणाची विधेयकं संसदेत पडून राहिली. ५ मे रोजी दूरसंचार आयोगाने प्रसारण थांबवण्याचा आदेश काढला आणि त्याच संध्याकाळी ७ वाजून ५२ मिनिटांनी चॅनेल २ काळा झाला. या वाहिनीचा इतिहास १९५३पासूनचा, देशातलं पहिलं टीव्ही प्रसारण तिच्याच नावावर. याआधी ती बंद पडली होती १९७२मध्ये, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी मार्शल लॉ पुकारला तेव्हा, आणि परतली १९८६मध्ये. १० जुलै २०२०ला प्रतिनिधिगृहाच्या समितीने ७० विरुद्ध ११ मतांनी नवा परवाना नाकारला. वाहिनीकडे सुमारे अकरा हजार माणसं कामाला होती. ऑगस्टअखेर हजारोंची नोकरी गेली, प्रांतोप्रांतीच्या बातम्या देणारी केंद्रं बंद झाली.

बातम्यांच्या खोल्या बंद झाल्या, पण रविवारची शोकेस मात्र उघडीच राहिली. परवाना लागतो तो हवेतून प्रसारण करायला. केबल आणि उपग्रहावरच्या वाहिनीला त्याची गरज नव्हती. १३ जूनला 'कापामिल्या चॅनेल' सुरू झालं आणि 'एसॅप' तिथे दिसू लागलं. ऑगस्टपासून यूट्यूबवर थेट प्रक्षेपण. तरीही एक मोठा प्रेक्षक सुटलाच. हजारो बेटांचा देश. जिथे केबल नाही, इंटरनेट दमानं चालतं, तिथे छपरावरच्या अँटेनाला चॅनेल २ सापडत नव्हतं.

मग भाड्याची जागा शोधणं आलं. १० ऑक्टोबर २०२०ला 'ए टू झेड' नावाने चॅनेल ११वर एबीएस-सीबीएनचे कार्यक्रम परत हवेत आले. हे चॅनेल धर्मोपदेशक आणि खासदार एडी व्हिलानुएवा यांच्या झोई कंपनीचं. गंमत म्हणजे वर्षभरापूर्वीपर्यंत याच जागेत जीएमए भाड्याने राहत होती.

तीन महिन्यांचा प्रतिस्पर्धी

प्रकरणाचा सर्वांत बोलका भाग पुढे आहे आणि तो बहुतेकांच्या विस्मरणात गेला. परवाना गेल्यावर कलाकारांना काम हवं होतं. ब्राइटलाइट नावाच्या नव्या निर्मिती संस्थेने टीव्ही५ वाहिनीवर वेळ घेतली आणि १८ ऑक्टोबर २०२०ला 'संडे नूनटाइम लाइव्ह!' सुरू केला. दिग्दर्शक? मिस्टर एम. सूत्रसंचालकांत पियोलो पास्कुआल, 'एसॅप'चा वर्षानुवर्षांचा चेहरा. सोबत माजा साल्वादोर आणि २०१८ची मिस युनिव्हर्स कॅट्रिओना ग्रे, याही 'एसॅप'च्या मंचावरून आलेल्या. म्हणजे त्याच घरातली माणसं, तोच दिग्दर्शक, तोच वार, तीच वेळ, आणि वर अँटेनावर देशभर दिसणारी वाहिनी. कागदावर पाहिलं तर दुबळ्या झालेल्या 'एसॅप'ला गिळायला एवढं पुरेसं होतं.

१७ जानेवारी २०२१ला हा नवा कार्यक्रमच बंद पडला. आणि पुढच्या रविवारी, २४ जानेवारीला, टीव्ही५च्या त्याच वेळेत 'एसॅप' दाखल झाला. एकच कार्यक्रम एकाच वेळी तीन वाहिन्यांवर, आणि पास्कुआलही पुढे 'एसॅप'वर परतला.

का हरला हा नवा कार्यक्रम? टाळेबंदीत जाहिरातींचा दुष्काळ होता आणि नव्या निर्मात्याला तो सोसणं कठीण, हे उघड आहे. पण तेवढ्यावर मी थांबणार नाही. रविवारचा कार्यक्रम एकट्याने कधीच फायद्याचा नसतो. ऐन झगमगाट, वाद्यवृंद, नर्तक, दर आठवड्याला नवे कपडे. हा खर्च निघतो तो आठवड्याच्या बाकी सहा दिवसांत. रविवारी गायलेलं शीर्षकगीत सोमवारपासूनच्या मालिकेला प्रेक्षक देतं, जोडीचा नाच चित्रपटाला, पहिलं सादरीकरण अल्बमला. ब्राइटलाइटकडे शोकेस होती, मागे दुकान नव्हतं. एबीएस-सीबीएनकडे दुकान शाबूत होतं, फक्त रस्त्यावरचं दार सरकारने बंद केलं होतं. मालिका, चित्रपट कंपनी, संगीत कंपनी, करारातले कलाकार यांतलं काहीच त्या परवान्यात येत नव्हतं. दिग्दर्शक नेता येतो, चेहरे नेता येतात, हा सगळा मागचा पसारा नेता येत नाही.

दुसरं कारण परदेशी आहे. १९९४पासून एबीएस-सीबीएनची 'द फिलिपिनो चॅनेल' ही वाहिनी परदेशी राहणाऱ्या फिलिपिनोंसाठी चालते, आणि परदेशात काम करणारे फिलिपिनो लाखोंनी आहेत. आखाती देशांतल्या परिचारिका, जहाजांवरचे खलाशी, हाँगकाँगमधल्या घरकामगार बायका. त्यांच्यासाठी 'एसॅप' म्हणजे घरचा रविवार. हा प्रेक्षक मनिलाच्या परवान्यावर अवलंबून नव्हताच. २०१६मध्ये कार्यक्रम न्यूयॉर्कच्या बार्कलेज सेंटरमध्ये झाला होता. परवाना गेल्यानंतर २०२२मध्ये लास व्हेगासला आणि २०२३मध्ये मिलानला. तिथे प्रेक्षक तिकीट काढून येतात.

भाडेकरूची मर्यादा

हे प्रकरण चिवटपणाची कहाणी म्हणून सांगायचा मोह होतो. माझा त्याला विरोध आहे. कार्यक्रम टिकला, पण तो टिकवणं मालकाच्या फायद्याचं होतं म्हणून. प्रांतिक केंद्रांतल्या वार्ताहरांची शोकेस नव्हती, म्हणून ती गेली. आणि भाडेकरूपणाची किंमत मोजावी लागतेच. ऑगस्ट २०२२मध्ये एबीएस-सीबीएनने टीव्ही५ची ३४.९९ टक्के भागीदारी घेण्याचा करार केला, म्हणजे भाड्याच्या जागेत थोडा मालकीहक्क. लोकप्रतिनिधी आणि दूरसंचार आयोगाने हरकती घेतल्या आणि महिनाभरात, सप्टेंबर उजाडताच, करार गुंडाळावा लागला. २०२३मध्ये 'ईट बुलागा!'चे मूळ तिघे सूत्रसंचालक 'टेप'शी भांडून बाहेर पडले आणि टीव्ही५वर आले, तेव्हा एबीएस-सीबीएनच्या रोजच्या दुपारच्या 'इट्स शोटाइम'ला तिथून हलावं लागलं. तो आधी जीएमएच्या दुय्यम वाहिनीवर गेला आणि एप्रिल २०२४मध्ये थेट जीएमएच्या मुख्य वाहिनीवर. १९९५मध्ये ज्यांच्या जाण्याने ही सगळी साखळी सुरू झाली, त्यांच्याच येण्याने पुन्हा घर बदललं.

दरम्यान चॅनेल २ची रिकामी लहर २०२२च्या सुरुवातीला अब्जाधीश आणि माजी सिनेटर मॅन्युएल व्हिलार यांच्या कंपनीला मिळाली. तिच्यावरून सुरू झालेल्या 'ऑलटीव्ही'ला स्वतःचे कार्यक्रम फारसे जमले नाहीत, आणि एप्रिल २०२४पासून तीच वाहिनी एबीएस-सीबीएनच्या बातम्या दाखवू लागली.

'एसॅप'च्या मंचावर आता नव्या पिढीतला 'बिनी' हा आठ मुलींचा गट असतो. परवाना गेल्यानंतर, जून २०२१मध्ये, एबीएस-सीबीएननेच तो पदार्पणाला उभा केला. फेब्रुवारी २०२५मध्ये कार्यक्रमाला तीस वर्षं झाली. त्याच महिन्यात कंपनीने केसोन सिटीतल्या आपल्या मुख्यालयाच्या जमिनीचा मोठा भाग अयाला लँडला ६.२४ अब्ज पेसोंना विकण्याचा करार जाहीर केला, कर्ज फेडण्यासाठी.